गावाकडून अजब बंगल्याकडे: नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय कसं पाहावं

नागपूरचं संग्रहालय पाहून गावी परतलेल्या माणसाला काय पाहिलं म्हणून विचारा, पहिलं उत्तर बहुतेक वेळा येतं ते पेंढा भरलेल्या जनावरांचं. दुसरं तलवारींचं. मधल्या दालनांतल्या दगडी मूर्ती, शिलालेख, ताम्रपट यांच्यासमोरून माणसं पटापट चालत गेलेली असतात. खरं तर यातल्या बऱ्याच वस्तू आपल्याच शिवारातून तिथं गेल्या आहेत. कुणाच्या नांगराला लागल्या, कुणाच्या विहिरीच्या खोदकामात निघाल्या, काही पडक्या देवळातून उचलून नेल्या. नागपूरकरापेक्षा हे संग्रहालय गावाकडच्या माणसालाच जास्त ओळखीचं वाटायला हवं. ते तसं वाटावं म्हणून कसं जायचं, काय बघायचं आणि परत आल्यावर काय करायचं, ते इथं सांगतो. घरच्या माणसांना, बचत गटाला किंवा शाळेच्या सहलीला घेऊन जाणाऱ्यांना हे उपयोगी पडेल.

आधी घरीच एक वस्तू ठरवा

‘सगळं पाहू’ म्हणून गेलं की काहीच पाहून होत नाही. म्हणून निघण्याआधी आपल्या भागातली एक वस्तू किंवा एक विषय ठरवून घ्या.

नागभीड, ब्रह्मपुरीकडचे असाल तर देवटेकची शिळा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेक गावातून आलेल्या या एकाच शिळेवर दोन वेगवेगळ्या काळांतले लेख आहेत. जुना लेख मौर्यकाळाच्या सुमाराचा, ब्राह्मी लिपीतला. त्यात प्राण्यांना पकडायला आणि मारायला मनाई केली आहे. नंतरचा लेख विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक घराण्यातल्या रुद्रसेन राजाचा, चिकंबुरी इथल्या त्याच्या धर्मस्थानाचा. आज देवटेकजवळ चिकमारा नावाचं गाव आहे, तीच ही चिकंबुरी असं अभ्यासक मानतात. म्हणजे नागभीडच्या बाजूचा माणूस या शिळेसमोर उभा राहिला, तर दीड हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कोरलेलं आपल्या शेजारच्या गावाचं नाव बघतो. संग्रहालयात मांडणी बदलत असते. शिळा दिसली नाही तर दालनातल्या कर्मचाऱ्याला नाव घेऊन विचारा.

तुमसर, गोंदियाकडच्यांनी गुंगेरियाची तांब्याची हत्यारं शोधावीत. गुंगेरिया हे शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातलं गाव. १८७० मध्ये तिथं गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. त्यातला काही भाग लंडनला गेला, काही नागपुरात राहिला.

रामटेक, मौदा, पारशिवनीच्या लोकांसाठी वाकाटक काळ आहेच. बुलढाणा, वाशीम, यवतमाळच्या लोकांनी यादवकाळातल्या, आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो त्या धाटणीच्या मूर्ती बघाव्यात. मेळघाटच्या लोकांनी सरळ आदिवासी कलेच्या दालनाकडं वळावं.

बालाघाट, जबलपूरकडच्या वस्तू नागपुरात कशा, असं पोरं विचारतातच. उत्तर तयार ठेवा. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. दोन वर्षांनी, १८६३ मध्ये, हे संग्रहालय सुरू झालं. तेव्हा रिचर्ड टेंपल हे प्रांताचे चीफ कमिशनर होते. सागर, जबलपूर, मंडला, छत्तीसगड हा सगळा मुलूख नागपूरच्या कारभारात होता. वऱ्हाड मात्र निजामाकडून आलेलं, ते १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी राहिलं, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची. एवढं माहीत असलं की पाट्यांवरची लांबलांबची गावं कोड्यात टाकत नाहीत.

दिवस कोणता निवडायचा

सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, सरकारी सुट्ट्यांना वेगळं वेळापत्रक असतं. शंभर-दीडशे किलोमीटरवरून येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून वेळ, तिकीट आणि कोणती दालनं दुरुस्तीसाठी बंद आहेत ते विचारून घ्या. ‘दालन चालू आहे का’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथं पोचून कुलूप बघायचं मग.

डिसेंबरातली थंडी सहलीला उत्तम, पण त्याच महिन्यात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. संग्रहालय विधानभवनापासून जवळच. अधिवेशनाच्या दिवसांत तिथं मोर्चे, नाकाबंदी, वळवलेले रस्ते असा सगळा प्रकार असतो. शाळेची बस त्यात अडकली की अर्धा दिवस गेला. अधिवेशनाच्या तारखा पेपरात येतात, त्या टाळा. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या दोन-तीन दिवसांत एसटी आणि रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. धम्मचक्र प्रवर्तन दिनालाच येणार असाल तर गोष्ट वेगळी, नाहीतर आठवडा पुढं ढकला. आणि मे महिन्यात नागपूर? नका जाऊ. पारा ४५च्या पुढं जातो, लेकरं दालनात शिरण्याआधीच मलूल होतात.

माझ्या मते जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा, मंगळवार ते शुक्रवार, हा सगळ्यांत चांगला काळ. कापसाची वेचणी चालू असलेल्या घरांना तेव्हाही सवड नसते हे माहीत आहे. त्यांनी फेब्रुवारी धरावा.

पोचायचं कसं

एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. आजीला घरी ठेवून जाण्याचं कारणच उरत नाही. तिचं आधार कार्ड तेवढं घ्या. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारप्रमुखांकडं अर्ज करा, सवलतीच्या दरात अख्खी गाडी मिळते. जानेवारीत मागणी खूप असते, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच टाकलेला बरा.

नागपुरात उतरल्यावर ऑटोवाल्याला ‘मध्यवर्ती संग्रहालय’ म्हणाल तर तो दोनदा विचारेल. ‘अजब बंगला’ म्हणा, सरळ नेईल. मेट्रोनं यायचं तर झिरो माइलचं स्टेशन सोयीचं. तिथं उतरून तो दगडी खांब आणि चार घोडे पोरांना दाखवा, मग सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यानं चालत जा. पहिल्यांदाच मेट्रोत बसणाऱ्या लेकरांना संग्रहालयापेक्षा तीच जास्त आवडेल, त्याला इलाज नाही.

शिदोरी घ्या, पण खायचं दालनात नाही, आवारातही विचारूनच. सकाळी सीताबर्डीवर तर्री-पोहे खाऊन दहा-साडेदहाला आत शिरलात की दुपारच्या जेवणापर्यंत दोन अडीच तास निवांत मिळतात. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागू शकतात, म्हणून पैसे, मोबाईल आणि वही-पेन्सिल वेगळ्या लहान पिशवीत ठेवा.

आत शिरल्यावर: आधी दगड, मग जनावरं

लेकरं जनावरांच्या दालनाकडं धावतील. त्यांना तिकडं आधी नेलं तर मूर्तींकडं बघायला कुणाचंच डोकं ताजं राहत नाही. म्हणून आधी शिल्पं आणि लेख, मग जेवण, मग जनावरं आणि शस्त्रं. दालनात गर्दी असेल तर गटाचे दहा-दहाचे भाग करा. दगडाला, काचेला हात लावायचा नाही हे बसमध्येच सांगून ठेवा, आत शिरल्यावर ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

मूर्तीसमोर उभं राहिलं की पाटी वाचायची घाई करू नका. आधी दगडाचा रंग बघा. काळसर, घट्ट, जड दिसणारा दगड म्हणजे बसाल्ट. पश्चिम विदर्भाचा, म्हणजे बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावतीचा बराचसा भाग याच लाव्हाच्या दगडावर बसला आहे, म्हणून तिकडची देवळं आणि मूर्ती काळ्या. तांबूस, पिवळसर, रवाळ दिसणारा दगड म्हणजे वालुकाश्म. चंद्रपूर, गडचिरोलीकडं हा दगड मुबलक. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावरची मार्कंड्याची देवळं वालुकाश्मातलीच. वालुकाश्मावर बारीक नक्षी करणं सोपं जातं, पण ऊनपावसात तो झिजतो, चेहरे पुसट होतात. बसाल्ट फोडायला कठीण, पण धार धरून ठेवतो. पाटी न वाचता मूर्ती कुठल्या बाजूची असेल याचा अंदाज करायचा आणि मग पाटी बघायची, हा खेळ पोरांना फार आवडतो. मोठेही चढाओढीनं खेळतात.

मग हात मोजा आणि हातांत काय आहे ते बघा. शंख, चक्र, गदा, पद्म या चार गोष्टी दिसल्या की विष्णू. कोणत्या हातात काय, याच्या क्रमावरून विष्णूची चोवीस नावं ठरतात. संध्येत केशव, नारायण, माधव म्हणतात ना, तीच चोवीस. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वर, मग डावीकडं, मग खाली असं बघत जा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. सगळ्या मूर्तींचे हात शाबूत नसतात, तेव्हा नाव लागणार नाही, हरकत नाही.

दोन्ही हातांत उमललेली कमळं दिसली तर सूर्य. त्याच्या पायांकडं बघा, बऱ्याचदा बूट असतात. आपल्याकडं पायात बूट घातलेला देव दुसरा सहसा सापडत नाही. ध्यानस्थ बसलेली मूर्ती बुद्धाची की जैन तीर्थंकराची यात बरेच लोक गोंधळतात. छातीच्या मधोमध श्रीवत्साचं चिन्ह असेल, अंगावर वस्त्राची रेघ नसेल, तर तीर्थंकर. बैठकीवर बैल कोरला असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर. डोक्यावर नागाची फणी असेल तर पार्श्वनाथ. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला जाणाऱ्यांना ही फणी ओळखीची असेल.

वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, दिसला तर तिथं सगळ्यांत जास्त थांबा. आपल्याकडं मारुतीच्या पाराजवळ, गावाच्या वेशीवर असे दगड पडलेले असतात, त्यांना कुणी शेंदूर फासतं, कुणी त्यावर कपडे धुतं. वीरगळ नेहमी खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई, किंवा चोरलेल्या गुरांसाठी झालेली झटापट. त्याच्या वर, मेलेल्या वीराला अप्सरा वर नेताहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती टिको. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला एकच हात दिसला तर तो सतीचा दगड. हे एकदा नीट समजलं की गावी परतल्यावर नजर आपोआप पारावरच्या दगडांकडं जाते.

ताम्रपट: इथं घाई करू नका

काचेखाली ठेवलेले हिरवट पत्रे बघून लोक पुढं जातात. पण शेतकऱ्याला सगळ्यांत जवळची वस्तू हीच. ताम्रपट म्हणजे बहुतेक वेळा जमिनीचं किंवा गावाचं दानपत्र. पत्र्यांना भोक पाडून एका कडीत ओवलेलं असतं, कडीवर राजाची मुद्रा असते. मजकुराचा क्रम ठरलेला: आधी राजाची वंशावळ, मग दान कुणाला दिलं, मग गाव, बऱ्याचदा त्याच्या चारी दिशांना काय आहे ते, मग कोणते कर माफ, आणि शेवटी हे दान मोडणाऱ्याला शाप. आजही खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. फक्त शाप तेवढा गेला आणि मुद्रांक शुल्क आलं.

वाकाटकांच्या ताम्रपटांची एक खूण शिकून ठेवा. अक्षरांच्या डोक्यावर छोटे चौकोन असतात, पेटीसारखे, म्हणून या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. एकदा दाखवली की पाचवीतलं पोरही ती ओळखतं. नागपूरचे संस्कृत पंडित वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र करून वाचण्याचं मोठं काम केलं.

अचलपूरजवळच्या चम्मक गावाच्या ताम्रपटाची गोष्ट बसमध्ये सांगण्यासारखी आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानं आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, भोजकट राज्यातलं चर्मांक नावाचं गाव एक हजार ब्राह्मणांना दिलं. पण अटींवर. राजाविरुद्ध बंड करायचं नाही, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करायचा नाही, दुसऱ्या गावांवर चालून जायचं नाही. हे पाळलं तरच दान कायम, नाहीतर परत. दान देतानाही राजानं केवढी सावधगिरी बाळगली होती बघा.

रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे वाकाटकांच्या नंदिवर्धनला, झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्ता राणीची मातीची मुद्रा निघाली. त्यावर तिचं नाव ब्राह्मीत आहे आणि शंखाचं चिन्ह आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक, नवऱ्यामागं मुलाच्या नावानं तिनं राज्य चालवलं. बचत गटाच्या बाया घेऊन जाणार असाल तर ही गोष्ट जरूर सांगा.

पाट्यांवर ‘बारावे शतक’ असं लिहिलेलं असतं. बारावं शतक म्हणजे ११०१ ते १२००. पोरं हमखास १२०१ पासून मोजतात.

आदिवासी कला आणि बाकीची दालनं

गोंड, माडिया, कोरकू यांच्या वस्तू बघताना एक प्रश्न मनात ठेवा: ही वस्तू अजून वापरात आहे का? मेळघाटातले कोरकू आपल्या मेलेल्या माणसांसाठी सागाच्या लाकडाचे मुंडा कोरतात. त्यावर चंद्र-सूर्य असतात, घोडेस्वार असतो. दगडाच्या वीरगळाशेजारी हा मुंडा ठेवून बघितला तर दोन्हीकडं चंद्र-सूर्य का, हा विचार सुरू होतो. दोन दालनांत मधे फक्त एक भिंत असली, तरी हा धागा सहसा कुणी जोडत नाही. मेण वितळवून केलेलं धातूकाम गडचिरोलीकडं अजून चालतं. तिथल्या कुणाला सोबत नेता आलं तर त्याच्याकडूनच समजून घ्या, पाटीपेक्षा तो नीट सांगेल.

चित्रं आणि शस्त्रं आपापल्या आवडीनं बघा. भोसल्यांच्या काळातल्या शस्त्रांपुढं पोरं रेंगाळतात, रेंगाळू द्या.

फोटो काढण्याचे नियम तिकीट खिडकीवर विचारा. परवानगी असली तरी फ्लॅश नको. काचेतल्या वस्तूचा फोटो काढताना मोबाईल काचेच्या अगदी जवळ धरा म्हणजे चमक कमी येते. पाटीचा फोटो वस्तूच्या फोटोनंतर लगेच काढा, नाहीतर घरी गेल्यावर कोणती पाटी कशाची ते कळत नाही.

जेवणानंतर बाहेरून एक चक्कर मारून इमारतही बघा. दीडशे वर्षांपूर्वी पंखा नसताना इथला उन्हाळा कसा काढत असतील, ते अशा वसाहतकाळातल्या इमारतींच्या बांधणीवरून कळतं. भिंतीची जाडी दारात उभं राहून मोजा, छताची उंची बघा, वरचे झरोके गरम हवा कशी बाहेर सोडतात ते बघा, ओसरी कोणत्या बाजूला आहे ते बघा. आपल्या गावातल्या जुन्या वाड्याच्या भिंतींशी तुलना करा.

या संग्रहालयाच्या आरंभकाळातलं एक दुःखद नाव म्हणजे स्टीफन हिस्लॉप. हा स्कॉटिश मिशनरी नागपूरभर जीवाश्म आणि दगड गोळा करत फिरायचा. १८६३च्या सप्टेंबरात बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून परतताना पुराच्या नाल्यात तो बुडाला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. हिंगणा, बुटीबोरीकडून येणाऱ्यांनी हे सांगावंच. तशीच शिळावर्तुळं काटोल रोडवर जुनापाणीला आहेत, आणि तिथल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. परतीची गाडी त्याच रस्त्यानं असेल तर अर्धा तास थांबा.

वर्धा, यवतमाळच्या लोकांना नागपूर लांब पडत असेल तर वर्ध्याचं मगन संग्रहालय आहे. मगनलाल गांधींच्या नावाचं हे संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते उघडलं. तिथं मूर्ती नाहीत, चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारं आहेत. घाणी, चरखा ज्यांनी घरी बघितलाय अशा म्हाताऱ्या माणसांना सोबत न्यावं ते तिथंच.

परत आल्यावर

सहलीचा अहवाल लिहायला लावण्यापेक्षा पोरांना गावात फिरवा. पार, जुनं देऊळ, गढी, पांढरीचं टेकाड, विहिरीचा कठडा. जिथं कोरीव दगड दिसेल तिथं फोटो काढा. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळतो. जागा, गट नंबर, कोणत्या दिशेला तोंड, हे वहीत लिहा. दगड हलवायचा नाही, ऑइल पेंट लावायचा नाही, आणि ‘जीर्णोद्धारात’ फरशीखाली पुरायचा तर मुळीच नाही. शेंदूर लावणाऱ्याशी भांडू नका. तो शेंदूर लावतो म्हणूनच बऱ्याच ठिकाणी दगड जागेवर राहिले आहेत.

शेतात नांगरताना नाणी, दागिने, ताम्रपट असं काही निघालं तर कायदा काय सांगतो ते गावात एकदा तरी सांगून ठेवा, कारण भीतीपोटी लोक वस्तू वितळवतात किंवा गुपचूप विकतात. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवणाऱ्याचा हक्क कायद्यात धरलेला आहे, लपवणाऱ्याचा जातो. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती देशाबाहेर नेणं १९७२च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ‘मुंबईचा व्यापारी चांगले पैसे देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

अर्ज साधाच असतो. तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, वस्तू कधी, कोणत्या गटात, किती खोल सापडली, सोबत फोटो आणि दोन पंचांच्या सह्या. एक प्रत पोलीस पाटलांना, एक स्वतःजवळ. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.